टेकड्यांकडे पाठ करून

ला मोर्रा हे गाव एका टेकडीच्या अगदी माथ्यावर आहे. गावाच्या टोकाला फरसबंद अंगण आहे आणि त्याच्या कडेला लोखंडी कठडा. तिथे उभं राहिलं की खाली टेकडीमागून टेकडी दिसत जाते. सगळ्या टेकड्या द्राक्षांच्या ओळींनी विंचरून ठेवल्यासारख्या. मधूनच एखाद्या उंचवट्यावर मनोऱ्याचं गाव, आणि हवा स्वच्छ असली तर फार लांब बर्फाचे डोंगर. इटलीच्या या भागात माणसं बसगाड्या भरभरून येतात ती हेच पाहायला. जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी तिथे पन्नासेक माणसं असतील, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती. फक्त परभणीच्या कडूबाई कठड्याकडे पाठ करून बाकावर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर दीड महिन्याचं बाळ.

त्यांच्या समोर एका बंद घराची भिंत होती. पोपडे निघालेली, पिवळट.

"मावशी, मान तर वळव जरा," मैत्रेयी म्हणाली.

"बगितलं की."

"कधी बघितलंस? आल्यापासून त्या भिंतीकडं बघायलीस तू."

"भिंत पन चांगली हाय. तू सरक जरा, लेकराच्या डोळ्यावर ऊन यायलंय."

मैत्रेयी हसली, पण पुरतं नाही. तिची आई विमलाबाई कठड्यापाशी उभी राहून परभणीला नवऱ्याला फोनवर टेकड्या दाखवत होत्या. "दिसल्या का हो? अहो, फोन कानाला कशाला लावायलात, डोळ्यासमोर धरा!" तिकडे व्यंकटरावांचा कान दिसत होता, मोठाच्या मोठा. जावई श्रीराम फोटो काढत होता. कडूबाईंचाही त्याने एक काढला. त्यात त्यांच्या पाठीमागे सगळा मुलूख पसरलेला आहे आणि त्यांचे डोळे बाळाच्या टाळूवर आहेत.

कडूबाई इथवर आल्या त्या फिरायला नव्हे, कामाला. परभणीत त्या बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालतात. तीस-बत्तीस वर्षांत किती लेकरं पायांवर घेतली, ते त्यांनाही सांगता येणार नाही. मैत्रेयीलाही त्यांनीच न्हाऊ घातलं होतं. ती शिकली, लग्न होऊन श्रीरामबरोबर इटलीत आल्बा नावाच्या गावी गेली, आणि तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा विमलाबाईंनी आपली संधिवाताने वाकडी झालेली मनगटं पाहिली. मग त्या तडक कडूबाईंच्या दारात गेल्या. "मी तिथं जाऊन करू काय? बाळाला नुसती बघत बसू? तुम्ही चला."

कडूबाईंचा मुलगा परमेश्वर परभणीत रिक्षा चालवतो. त्याने आईचा पासपोर्ट काढला. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी होती, त्या पिढीत निम्म्या जिल्ह्याची असते तशी. विमानात कडूबाई मधल्या खुर्चीवर बसल्या, खिडकीजवळची जागा विमलाबाईंना दिली. तेव्हा विमलाबाईंना ते चांगुलपणाचं वाटलं.

जूनच्या मध्याला मैत्रेयीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी नाव ठेवलं, श्रीनिधी. कडूबाईंनी आल्बाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात पाट मांडला, पाय लांब केले, बाळाला पायांवर पालथं घातलं आणि तिळाच्या तेलाचा हात पाठीवरून असा फिरवला की श्रीराम दारात उभा होता तो तसाच उभा राहिला. फक्त धुरीची पंचाईत झाली. ओवा आणि लसणाची सालं निखाऱ्यावर टाकताच छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी झोपायच्या कपड्यांतच खाली पळत आली. दुसऱ्या दिवसापासून धुरी बंद झाली. म्हातारी मात्र रोज सकाळी न्हाणं पाहायला येऊन बसू लागली.

कडूबाईंची एक रीत होती, परभणीतही आणि इथेही. बाळाला उचलण्याआधी त्या आपल्या हाताची मागची बाजू त्याच्या मानेला लावत, मग पोटाला, मग तळपायाला. अंग जरा जरी कोमट लागलं तर त्या दिवशी न्हाणं नाही. आणि ज्या घरात बाळ तापलेलं असेल आणि आई बाहेर गेलेली असेल, त्या घरातून ती परत येईपर्यंत कडूबाई हलत नसत. पुढची घरं खोळंबली तरी चालेल. "बाई जरा वहमी हाय," असं लोक म्हणत आणि सोडून देत.

त्यामागे एक दिवस होता. तो परभणीत घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हता, विमलाबाईंनासुद्धा नाही.

कडू तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि सासर राणीसावरगावला. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती म्हणून बापाने तिचं नाव कडू ठेवलं होतं, म्हणजे मरण तोंड लावणार नाही. नाव पावलं, ती जगली. पण आपल्या पहिल्या लेकीला असलं नाव ठेवायला तिने साफ नकार दिला होता. लेकीचं नाव सविता. सविता तीन वर्षांची झाली त्या पावसाळ्याच्या अखेरीस गावात नव्या ग्रामसेविकाबाई आल्या आणि त्यांनी बायकांची एक दिवसाची सहल काढली. एस.टी.ची खास गाडी, उजाडता निघायचं, जिंतूरच्या पुढे यलदरीचं धरण पाहायचं आणि दिवे लागायच्या आत परत. गावातली एकही बाई तोवर नुसतं काही पाहायला म्हणून घराबाहेर पडली नव्हती.

त्या दिवशी सकाळी सविताचं अंग जरा कोमट होतं. कडूने हात लावून पाहिलं. नवरा म्हणाला, जाऊन ये, एवढं काही नाही. सासू हो म्हणाली नाही आणि नको म्हणाली नाही. कडू गेली.

दुपारी पोरीला झटके आले. बैलगाडीतून गंगाखेडला न्यायला निघाले ते अर्ध्या वाटेतून परत आले. एवढ्याशा लेकराला मातीला द्यायला थांबायचं कुणासाठी? धरणावर निरोप पाठवायची सोय नव्हती. ऊन उतरायच्या आत सगळं आटोपलं. संध्याकाळी गाडीतून कडू उतरली तेव्हा तिच्या हातरुमालात चिमुकल्या हिरव्या बांगड्या बांधलेल्या होत्या. पाराजवळच्या बायका बाजूला सरल्या. घरी उंबऱ्यावर सासू बसली होती. तिने मान वर करून एवढंच विचारलं, "बगून आलीस का धरण?"

त्या प्रश्नाला उत्तर नको होतं. तो पुन्हा कुणी विचारलाही नाही. सासूने नाही, नवऱ्याने नाही. कुणी शिवी दिली असती तर ती एक दिवस विरली असती. हा प्रश्न विरला नाही. त्या दिवसापासून कडूने पाहायला म्हणून काही पाहिलं नाही. गावच्या देवीला ती जायची, जत्रेत जायची नाही. परमेश्वर झाला, नवरा परभणीच्या मोंढ्यात हमाली करू लागला, घर परभणीला आलं. शेजारी कुणाकडे टीव्ही लागला की कडू उठून लसूण सोलायला आत जायची. आधी शेजारणीचं एक लेकरू न्हाऊ घातलं, मग दुसरं, मग ते कामच झालं. डोळ्यांना तिने जे बंद केलं ते हातांना केलं नव्हतं, म्हणा.

तर अशा बाईला ही मंडळी दर रविवारी टेकड्या दाखवायला नेत होती.

सव्वा महिना झाल्यावर मैत्रेयी घराबाहेर पडू लागली, ती कडूबाईंनीच सांगितलं म्हणून. मैत्रेयी दुपारी रडते हे त्यांनी ताडलं होतं. बाळ झोपलेलं असायचं, सगळं ठीक असायचं, आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून रडायची. विमलाबाईंना वाटे डोळे झोपेने लाल झालेत. कडूबाईंनी असली बाळंतपणं पाहिली होती. "वैनी, हिला हवा लागू द्या," त्या म्हणाल्या. "जावईबापू, गाडी काढा. रोजच्या भिंती बगून बगून मन इटतं मानसाचं." त्यांचाच हुकूम म्हणून मग फिरणं सुरू झालं, आणि हुकूम देणारी बाई स्वतः मात्र पाठ करून बसायची.

दुसऱ्या रविवारी ग्रिन्झाने गावचा किल्ला. सगळे वर गेले. कडूबाई बाळाला घेऊन खाली झाडाखाली बसल्या. ते झाड हेझलनटचं निघालं, आणि त्याची फळं टपटप पडत होती. त्या खाली पाहूनच वेचत राहिल्या. मंडळी परत आली तेव्हा पदरात ओंजळभर फळं आणि शेजारच्या द्राक्षाच्या ओळीतून उपटलेली घोळीची भाजी.

"मावशी, फवारणी केलेली असते इथं!" श्रीराम घाबरून म्हणाला.

"आपल्याकडं काय अत्तर मारतेत?"

विमलाबाईंना हसू आवरेना. भाजी मात्र श्रीरामने कडूबाईंच्या देखत पुन्हा जमिनीवर ठेवली. कडूबाई वाटभर तिच्यासाठी हळहळत होत्या. अशी कोवळी घोळ भादव्यातसुद्धा मिळत नाही म्हणे.

तिसऱ्या रविवारी एका टेकडीवर लाल रंगाचं मोठं बाक होतं. मोठं म्हणजे, त्यावर चढायला दगडावर पाय ठेवून दोघांनी वर ओढावं लागतं. बसलं की मोठ्या माणसाचेही पाय लोंबकळतात, लहान मुलासारखे. त्या इलाख्यात अशी बाकं टेकड्याटेकड्यांवर आहेत. मोठ्यांनी लहान होऊन मुलूख पाहावा, एवढ्याचसाठी ठेवलेली. विमलाबाई वर चढल्या आणि पाय हलवत बसल्या. बासष्ट वर्षांच्या बाईला असं बसलेलं पाहून मैत्रेयी किती तरी दिवसांनी मोकळी हसली.

"कडूबाई, या ना! तुमचं तर नऊवारी आहे, तुम्हाला चढायला सोपं."

"वैनी, माझी पाठ भरून आलीया. तुमी बसा."

"पाठ भरून आलीया ना, मग टेकायला एवढं मोठं बाक कुठं मिळणार?"

कडूबाई आल्या नाहीत. त्या बाकाच्या मागच्या बाजूला, त्याच्याच सावलीत, बाळाला घेऊन जमिनीवर बसल्या. गाडीत परतताना मैत्रेयी पुढच्या सीटवरून म्हणाली, आणि या खेपेला तिच्या आवाजात धार होती, "मावशी, तुला आवडत नसेल तर तसं सांग. आम्ही खामखा तुला ओढत नेतो असं वाटायला लागलंय."

"न्हाई गं माय. चांगलंच हाय सगळं."

"तू पाहिलंसच नाहीस तर चांगलं कशावरून?"

कडूबाईंनी बाळाचं टोपडं सारखं केलं.

ऑगस्टच्या वीस तारखेच्या सुमारास बाळाला लस टोचली. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की ताप येईल, एक-दोन दिवस राहील, घाबरायचं नाही, औषध अमुक इतकं द्यायचं, इतक्याच्या वर गेला तर फोन करायचा. श्रीरामने ते कागदावर लिहून फ्रिजला लावलं. आणि दुसरा दिवस नेमका मैत्रेयी-श्रीरामच्या लग्नाचा वाढदिवस. श्रीरामने महिनाभर आधी ठरवलं होतं, बार्बारेस्कोला जायचं. पाव तासाच्या अंतरावर आहे. तिथे जुना बुरूज आहे, वरून नदी दिसते, आणि खाली एका घरगुती खाणावळीत दोघांसाठी टेबल. तीन तास. बाळाला पहिल्यांदाच घरी ठेवून. बाटलीत दूध काढून ठेवलेलं.

मैत्रेयीने निळा झगा घातला, कानात मोत्याच्या कुड्या घातल्या. आरशात पाहताना ती गुणगुणत होती. कडूबाईंनी बाळाच्या मानेला हाताची मागची बाजू लावली.

"मैतरे."

"काय गं?"

"लेकरू तापलंय."

"हो, थोडं आहे. मघाशी औषध दिलं मी. डॉक्टरांनी सांगितलंच होतं."

"आज जायाचं न्हाई."

मैत्रेयी वळली. "मावशी, तीनच तास. तू आहेस, आई आहे. पाव तासात परत येता येतं."

"तापलेलं लेकरू टाकून आई भायेर जात नसती," कडूबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उलट फार हळू होता. पण स्वयंपाकघरातून विमलाबाई धावत आल्या आणि श्रीरामच्या हातातली गाडीची किल्ली तशीच राहिली. मैत्रेयीने आधी डाव्या कानातली कुडी काढली, मग उजव्या. दोन्ही आरशासमोर ठेवल्या. "जाऊ दे, श्रीराम," ती म्हणाली. "फोन करून टेबल रद्द कर. मला कुठं जायचंच नाही आता." आणि ती पलंगाच्या कडेला बसली, भिंतीकडे तोंड करून.

कडूबाईंना तिचं अर्धंच तोंड दिसत होतं. ते तोंड त्यांच्या ओळखीचं होतं. आरशात नव्हे, कारण त्या दिवसानंतर महिनाभर त्यांनी आरसा पाहिला नव्हता. पण आतून ते तोंड त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांच्या लक्षात आलं की आपण आत्ता जे बोललो ते आपलं नव्हतं. ते राणीसावरगावच्या उंबऱ्यावरून आलं होतं. तिकडून निघून एकोणचाळीस वर्षं आपल्या तोंडात बसून होतं, आणि आज या पोरीच्या अंगावर पडलं. हिने काय केलं होतं? उद्या बाळाला शिंक आली तरी ही स्वतःलाच विचारेल, बघून आलीस का?

त्यांनी बाळाला विमलाबाईंच्या कुशीत दिलं, आरशासमोरच्या कुड्या उचलल्या आणि मैत्रेयीपाशी जाऊन बसल्या.

"कान कर हिकडं."

"नको मावशी."

"कर म्हन्ते ना. मला दिसत न्हाई नीट, हालू नको." त्यांनी एक कुडी घातली, मग दुसरी. मळसूत्र घट्ट फिरवलं. "म्या चुकीचं बोलले. डाक्टरनं सांगितलंय ना? कागद लावलाय ना? मग जा. मी हाय."

"तुझं मन नाही ना पण."

"माझ्या मनाचं तू कशाला बगायलीस? तू नवऱ्याबरोबर जायलीस का माझ्या मनाबरोबर? ऊठ. जावईबापू, न्या हिला. आन् चार वाजल्याबिगर परत आणायचं न्हाई."

ती दोघं गेली. जिन्यातली पावलं ऐकू येईनाशी झाली तशा कडूबाई खाली बसल्या. पाय लांब केले, बाळाला पायांवर घेतलं, न्हाऊ घालताना घेतात तसंच. पण पाणी नाही, तेल नाही, नुसतं घेतलं.

ते तीन तास कसे गेले ते विमलाबाईंनी पाहिलं. कडूबाई उठल्या नाहीत. पाणीसुद्धा विमलाबाईंनी तोंडाशी धरलं तेव्हा प्यायल्या. दर थोड्या वेळाने हाताची मागची बाजू मानेला, पोटाला, तळपायाला. मधेच विमलाबाईंनी यंत्र लावून ताप पाहिला आणि कागदाशी ताडून म्हणाल्या, "उतरायलाय कडूबाई. खाली आलाय बराच." कडूबाईंनी मान हलवली आणि पुन्हा हात लावला. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. हाताला स्वतः कळायला हवं होतं.

"तुमची एक मुलगी होती ना?" विमलाबाईंनी विचारलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. "कधीतरी तुमच्या परमेश्वरनं सांगितलं होतं, मोठी बहीण होती म्हणून."

कडूबाई बाळाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हती. अशीच तापली व्हती. मी धरण पाह्याला गेलते."

एवढंच. विमानातली मधली खुर्ची, ला मोर्राची ती भिंत, बाकामागची सावली, सगळं एकामागून एक विमलाबाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. त्या उठल्या नाहीत, हात हातात घेतला नाही. नुसत्या शेजारी सरकून, तशाच पाय लांब करून, भिंतीला टेकून बसल्या.

बाळाने एकदा डोळे उघडले, बाटलीतलं दूध प्यायलं, बोळकं वासून जांभई दिली. मानेशी घाम आला. कडूबाईंनी पदराने टिपला आणि हात तिथेच ठेवला. गार. त्यांनी दुसऱ्या हाताने पाहिलं. गारच.

चार वाजायला दहा मिनिटं असताना दारात किल्ली फिरली. मैत्रेयी आत आली ती चपला न काढता, थेट बाळापाशी. श्रीराम तिच्या मागे. तिच्या चेहऱ्यावर ऊन लागून लाली आली होती आणि डोळे बाळावर असतानाच कडूबाईंकडेही जात होते, काही चुकलं का हे पाहायला. कडूबाईंनी मान वर केली. ओठ हलले आणि थांबले. आपण काय विचारणार आहोत ते त्यांना आधी ऐकू आलं असावं. मग त्यांनी ते विचारलंच.

"बगून आलीस का?"

पण मैत्रेयीला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "हो. ताप?"

"उतरला. कवाचाच. ते ऱ्हाऊ दे. काय बगितलं ते सांग की. कसं हाय?"

मैत्रेयीने फोन काढला. कडूबाईंनी तो हाताने बाजूला केला. "त्यात नको. तोंडानं सांग."

मग मैत्रेयी जमिनीवर बसली आणि सांगू लागली. बुरूज किती उंच, विटांचा, चौकोनी. वर गेलं की वारा इतका की झगा धरून उभं राहावं लागलं. खाली नदी, फार पाणी नाही, पण वळण घेऊन गेलेली. द्राक्षांचे घोस निम्मे हिरवे, निम्मे काळे. ओळींच्या टोकाला गुलाबाची झुडपं लावलेली.

"गुलाब कामून?"

"रोग आला तर आधी गुलाबावर दिसतो, म्हणून पूर्वी लावायचे म्हणे. मग द्राक्षांना सांभाळता येतं."

कडूबाईंनी हे मनाशी ठेवल्यासारखी मान हलवली. "बरं. आजून?"

"अजून काय... जेवताना एक आजी शेजारच्या टेबलावर होती, तिनं आम्हाला तिच्या पानातलं गोड दिलं. आणि मावशी, वर असताना मला तासभर श्रीनिधीची आठवणच आली नाही." मैत्रेयी थांबली. "मग एकदम आली. वाईट वाटलं."

"वाईट वाटून घ्यायचं न्हाई," कडूबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, बाळाच्या तळपायावरून अंगठा फिरवत, जणू मैत्रेयीच्याच बोलण्यात भर घालावी तसं, "म्या पन धरण बगितलं व्हतं."

श्रीराम उभा होता तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"यलदरीचं. लय पानी व्हतं त्या सालाला. दारं उघडली व्हती. पांढरं फेक पानी, खाली आपटायचं, आन् धूर उठावा तसं वर यायचं. आमी लांब हुबं राह्यलो तरी लुगडी भिजली. पायाखालचा दगुड घुमायचा." त्या बोलत होत्या आणि हात बाळावर होता, पण डोळे बाळावर नव्हते. "आवाज येवढा, की शेजारची काय बोलायली ते कळंना. तर आमच्यातली एक व्हती, नर्मदा, लय चाबरी. ती म्हनली, आता कुनाला ऐकू जातंय? घ्या गं नवऱ्याची नावं! जलमात कुनी नाव घेतलं नव्हतं वो वैनी, घरात सासू ऐकंल म्हनून. सगळ्या पान्याकडं तोंड करून वरडायला लागल्या. ही म्हनती सखाराम, ती म्हनती गनपत. हसून हसून बेजार. ग्रामसेविकाबाईचं लगीन झालं नव्हतं, तर ती बी कुनाचं तरी नाव घेऊन वरडली."

विमलाबाईंना हसू आलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"म्या नवऱ्याचं न्हाई घेतलं. म्या सवितीचं घेतलं, माझ्या लेकीचं. सवितेऽ म्हनून. दोनदा. जोरात. वाटलं, हिला आनायला पायजे व्हतं." कडूबाई थांबल्या. "तवा दुपार व्हती. त्याच दुपारी ती घरी तापानं गेली. तितून गावाला ऐकू जात न्हाई, मला ठावं हाय."

मैत्रेयीला आता सगळं कळलं होतं, निदान पुरेसं. निघतानाचं ते वाक्यही. तिने आपलं डोकं कडूबाईंच्या खांद्याला लावलं. कडूबाईंनी ते बाजूला केलं नाही.

"म्या हसले व्हते," त्या म्हणाल्या. "लय हसले व्हते त्या दिवशी. हे कुनाला सांगितलं न्हाई. कुनी इचारलं न्हाई."

मग बराच वेळ त्या धरणाचंच सांगत राहिल्या. बंधाऱ्यावर कुणी तरी भाजलेल्या शेंगा विकत होता. त्याच्या टोपलीवर फडकं ओलं झालं होतं. एक मासा पाण्याबरोबर वर उडून दगडावर पडला, तो त्यांनी पुन्हा पाण्यात टाकला. परतताना गाडीत सगळ्या बायका झोपल्या, त्या एकट्या जाग्या होत्या, पोरीला काय काय सांगायचं ते मनात लावत. ते सगळं त्यांनी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सांगितलं, क्रम न चुकता, काही न गाळता.

बाळ कुरकुरलं तशा त्या थांबल्या. हाताची मागची बाजू मानेला लावली, पोटाला लावली, तळपायाला लावली, आणि बाळाला उचलून मैत्रेयीच्या हातात दिलं. "घे, पाज तिला. उद्या न्हाऊ घालाय हरकत न्हाई."

उठताना गुडघे धरले होते. श्रीरामने हात पुढे केला, तो धरून त्या उभ्या राहिल्या आणि हात तसाच धरून म्हणाल्या, "जावईबापू, आमाला जायाला आजून धा दीस हायेत ना?"

"हो मावशी."

"त्या बुरजावर पायऱ्या हायेत का? का लिफट हाय?"